फळीवरचा मजकूर

आमच्या मासिकाला तीन मालक झाले, असं कर्जतचे जुने लोक सांगतात. मी दोनच धरते. पहिले मालक माझे वडील, आणि ते कधी मालकासारखे वागलेच नाहीत.

वडील खालापूरला शाळामास्तर होते. वरच्या साहेबाशी कशावरून तरी वाजलं, नोकरी सोडली आणि कर्जतला स्टेशनच्या अलीकडे एका कौलारू खोलीत पायाने चालवायचं छापयंत्र मांडून बसले. तेव्हा मोठं युद्ध अजून सुरू व्हायचं होतं. आईने त्यांना काय काय ऐकवलं ते मला आठवत नाही, मी लहान होते. पण पुढे जन्मभर जे ऐकवत राहिली त्यावरून अंदाज करता येतो. मासिक मात्र निघालं. भाताचं बियाणं, गुरांचे रोग, विहिरीचं पाणी, औषधी पाला, कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर काय करावं, शेवटी एखादी गोष्ट, असं सगळं त्यात असे. त्याचं नाव मी इथे देत नाही. ज्यांच्या हाती ते पुढे गेलं त्यांची नातवंडं गावात आहेत, आणि त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

वडिलांची एक रीत होती आणि तिची दोन्ही तालुक्यांत थट्टा होई. कुणी काही सांगितलं, मग तो शेतकरी असो, सुईण असो की वाडीवरचा ठाकर, ते त्याला परत वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. बरं, हाताने लिहिलेला कागद वाचून दाखवावा, तर तेही नाही. आधी एकेका अक्षराचे शिशाचे खिळे जुळवून दोरीने बांधायचे, त्यावरून एक कच्चा छाप काढायचा आणि तो खिशात घालून त्या माणसाकडे जायचं. "हाताने लिहिलेलं मी घरी येऊन बदलू शकतो," ते म्हणत, "हे ऐकवलं ते ऐकवलं." माणूस नको म्हणाला तर जुळवलेला मजकूर सोडायचा. सोडायचा म्हणजे बांधलेली दोरी काढून एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. खिळे जुळवणारा आमचा कंपोझिटर कळंबचा होता. आपली सगळी मेहनत अशी मोडताना तो तोंडातून अवाक्षर काढत नसे, पण खिळे खणात असे आपटायचा की रस्त्यावर ऐकू यावं.

मी कर्जतमध्येच सासरी गेले. नवरा रेल्वेत, घाट चढवायच्या इंजिनांवर, पाळीची नोकरी. दुपारची मी छापखान्यात प्रुफं वाचायला जाई. सासूबाईंना ते रुचत नसे, पण बापाच्या छापखान्यात गेली तर कुठे बिघडतं म्हणून चालवून घेत. त्या खोलीतला राकेलचा आणि शाईचा वास मला माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जवळचा वाटायचा.

त्या दिवसांत एकदा वडिलांबरोबर मी कशेळ्याच्या बाजाराला गेले. मला नाचणी घ्यायची होती आणि वडिलांच्या खिशात एक कच्चा छाप होता. तो ज्या म्हातारीला ऐकवायचा होता ती डोंगरातल्या ठाकरवाडीवरून बाजाराला यायची. ऋतूप्रमाणे तिच्यापुढच्या फडक्यावर शेवळं, करटुली, हिरडा, मध असायचं, आणि दिवाळीनंतर नाचणी. नाचणी तिची स्वतःच्या रानातली. हातात घेतली की तिला डोंगराच्या धुराचा वास यायचा.

तिने वडिलांना बाजाराच्या बाजाराला थोडं थोडं करून आपल्या त्या रानाबद्दल सांगितलं होतं. वाडीच्या वर, कोरड्या ओहळाने चढत गेलं की एक कडा लागतो. कड्याला आग्या मोहोळाची पोळी लोंबतात. त्या भीतीने जंगलखात्याचे शिपाई तिथून पुढे कधी जात नाहीत. कडा ओलांडून मागे गेलं की डोंगराच्या कुशीत थोडी सपाटी आहे, उंबराखाली वैशाखातही न आटणारा झरा आहे आणि वाडीने पिढ्यान्पिढ्या पालापाचोळ्याचा राब जाळून केलेली नाचणी-वरी आहे. डोंगर राखीव झाला तेव्हापासून तिथे कुदळ मारणं गुन्हा ठरलं. वाडीने कुदळ मारायची थांबवली नाही, एवढंच. तेवढ्या तुकड्यावर सगळी वाडी पावसाळ्यापर्यंत खात होती. दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं.

हे सगळं वडिलांनी लिहिलं होतं, आणि असं लिहिलं होतं की मी आजवर पुष्कळ वाचलं, पण डोंगराची वाट इतकी डोळ्यांसमोर उभी राहिलेली दुसरीकडे कुठे वाचली नाही. मुलगी म्हणून बोलत नाही. मुलगी म्हणून मी त्यांचं बाकीचं लिखाण वाचताना झोपा काढल्या आहेत.

बाजार उलगत आला तसे वडील तिच्या फडक्याशेजारी बसले आणि त्यांनी कागद वाचला. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने डोळे उघडले.

"बेस लिवलंस रं मास्तर," ती म्हणाली. "मी माझ्या पायांनी वर जाऊन आल्यावानी झालं."

वडिलांचा चेहरा असा फुलला की मला त्यांची कीव आली.

"पर ह्ये छापू नको."

"का मावशी?"

"आरं, तुला वाट गावली ना ह्यातनं? मंग दुसऱ्याला बी गावंल. आमी खायाचं काय?"

वडिलांनी मान हलवली. रीत त्यांची स्वतःचीच होती. म्हातारीने हात पुढे केला. "ह्यो येकच कागद हाय का?"

"एकच," वडील म्हणाले.

ते खोटं नव्हतं. कागद एकच होता. तिने तो घडी घालून कनवटीला खोचला, घरी गेल्यावर चुलीत घालते म्हणाली आणि मला मापावर मूठभर नाचणी जास्त घातली. खिळे म्हणजे काय, ते बांधून ठेवले की त्यांवरून हवे तितके कागद पुन्हा काढता येतात, हे तिला कसं ठाऊक असावं? आणि वडिलांनी ते तिला सांगितलं नाही.

परतताना बैलगाडीत मी म्हणाले, "उद्या सोडायला सांगा तो मजकूर."

"सांगतो," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही. चार पानांचा तो मजकूर दोरीने घट्ट बांधला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मागच्या भिंतीच्या फळीवर ठेवून दिला. कंपोझिटर कुरकुरला. आमच्याकडे खिळे आधीच तुटपुंजे, 'ण' तर सदा कमी पडायचा, आणि त्या पुडक्यात 'ण' अडकून पडलेले. वडील म्हणाले, पुढच्या महिन्यात सोडू. पुढच्या महिन्यातही तेच. मी एकदा स्पष्टच विचारलं की हाताने उतरून घ्या आणि खिळे सोडा, म्हणजे तुमचंही राहील आणि तिचंही. तर म्हणाले, "हाताने उतरलं की ते पुन्हा कच्चं होतं. अशी चार पानं माझ्या हातून परत व्हायची नाहीत गं."

"ती पानं तुमची नाहीत," मी म्हणाले. ते रागावले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण माझं ते बोलणं मला अजूनही मागे घ्यावंसं वाटत नाही.

दर खंडेनवमीला छापखाना धुऊन निघायचा. यंत्र पुसायचं, खण रिकामे करून झाडायचे, खिळे राकेलने धुवायचे, आणि दसऱ्याला सगळ्यावर झेंडूची फुलं. त्या दिवशी ते पुडकंही खाली यायचं. वडील ते दुसऱ्या कुणाला धुवू देत नसत. स्वतः ब्रशने अक्षर न अक्षर घासायचे, उन्हात ठेवायचे, नव्या कागदात गुंडाळायचे आणि परत फळीवर. घरातल्या देवांनाही त्यांनी कधी इतकं निगुतीने धुतलं नसेल. मी दर वर्षी विचारायचे आणि ते दर वर्षी म्हणायचे, या वर्षी सोडतो.

अशात मालकी बदलली. यंत्राचं चाक तडकलं, वडिलांचे डोळे अधू झाले आणि व्यवहार त्यांना कधीच जमला नव्हता. खालापूरच्या कोर्टात वकिली करणारे एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी आणखी चार जणांना गोळा करून कंपनी काढली, चाक दुरुस्त केलं आणि वडिलांना व्यवस्थापक म्हणून ठेवलं. वकील माणूस सज्जन होता. ऐकवायची रीत त्याला वेळखाऊ वाटे, पण त्याने ती मोडली नाही. एकदा फळीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "ते काय आहे, मास्तर?"

"जुना मजकूर. छापायचा नाही असा."

"मग सांभाळताय कशाला?" वकील हसले आणि चहा पिऊन निघून गेले. त्यांनी तेव्हा जरा दटावून विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं; पण सज्जन माणसं दटावत नाहीत, तिथेच घोळ होतो. यंत्र, खिळे, खण, शाई, वर्गणीदार, सगळं आता कंपनीचं झालं होतं. फळीवरचं पुडकंही कंपनीचं झालं होतं. हे वडिलांच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनी ते मनातून बाजूला सारलं.

घाटात विजेच्या गाडीसाठी खांब रोवत होते त्या सुमाराला वकील तापाने गेले. उरलेल्या चौघांना मासिकात काही गोडी नव्हती. त्यांनी आपापले भाग एका ठेकेदाराला विकून टाकले. गवत, लाकूड, कोळसा, सगळ्याचा त्याचा ठेका. नेरळला स्टेशनाजवळ त्याच्या गवताच्या गंजी असायच्या. या माणसाने मासिक कशाला घेतलं, हे आधी कुणाला कळेना. तो स्वतःच सांगायचा, लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटत नव्हतं. "चार कुणब्यांनी वाचलं काय, न वाचलं काय. साहेबाच्या टेबलावर दिसलं पाहिजे."

तो उद्धट नव्हता. वडिलांना गुरुजी म्हणायचा, उठून खुर्ची द्यायचा. शेवटच्या पानाच्या तळाला मुद्रक-प्रकाशक म्हणून वडिलांचंच नाव त्याने राहू दिलं, आणि वडिलांना यामुळे इतकं भरून आलं की त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं. बाकी मात्र सगळं बदललं. घरच्या बायकांनी कंपनीच्या कामात यायचं कारण नाही, म्हणून माझं जाणं बंद झालं. ऐकवायची रीत पहिल्याच महिन्यात गेली. बाजाराला जाणं गेलं. फुकटचे अंक मामलेदाराला, पोलीस कचेरीला, जंगलखात्याच्या रेंज कचेरीला जाऊ लागले. मालक बदलला म्हणजे वाचणारा बदलला, एवढं तरी वडिलांना समजायला हवं होतं. शाळेत त्यांनी मुलांना याहून अवघड गोष्टी समजावल्या होत्या.

त्या खंडेनवमीला मी नैवेद्य घेऊन छापखान्यात गेले, तेवढ्यापुरती मला मनाई नव्हती. वडील अंगणात उन्हात बसले होते. समोर धुतलेला मजकूर लखलखत होता.

"आता तरी सोडा," मी म्हणाले. "आता इथे तुमचं काही चालत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दोरीची गाठ सोडली. दोरी निघाली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. ते बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले, उलटी अक्षरं ते सुलट्यासारखी वाचायचे. वाचता वाचता ओठ हलत होते. पार शेवटापर्यंत वाचून झालं आणि त्यांनी नवी दोरी घेतली.

"दिवाळीचा अंक निघाला की सोडतो," ते म्हणाले.

ठेकेदाराला दिवाळीचा अंक जाडजूड हवा होता. चित्रांचे ठसे आणायला त्याने वडिलांना पुण्याला पाठवलं. तिकडे ठसे वेळेवर तयार झाले नाहीत, वडील अडकून पडले. इकडे पानं भरेनात. नेहमीच्या लेखकांचा मजकूर आला नव्हता. कंपोझिटरने मालकाला विचारलं, आणि मालकाने खोलीभर नजर फिरवून म्हटलं, "फळीवर ते काय बांधून ठेवलंय? तयार आहे ना? घाल मग ते." त्याने ते वाचलंही नाही. वाचलं असतं आणि मुद्दाम छापलं असतं, तर मला त्याचा राग तरी नीट करता आला असता.

कंपोझिटरला मात्र ते काय आहे ते चांगलं ठाऊक होतं. पुढे मी त्याला रस्त्यात गाठून जाब विचारला. तो म्हणाला, "ताई, मास्तर मालक व्हते तवा त्यांचं आयकलं. आता ह्यांचं आयकतो. मला कुटं मत हाय?" आणि वर म्हणाला, "माझे ण किती वर्सं त्यात पडून व्हते." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. होती ती एक जुनी अडचण, आणि ती आता एकदाची दूर होईल असं त्याला वाटलं होतं.

वडील पुण्याहून आले तेव्हा अंक टपालात पडून गेले होते. ते छापखान्यातून थेट माझ्या घरी आले. पायताण न काढता ओसरीवर बसले आणि म्हणाले, "गेलं."

"काय गेलं?"

"रेंजच्या कचेरीलाही गेलं."

मी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही. मला बोलायचं होतं ते सगळं आधीच बोलून झालं होतं. थोड्या वेळाने ते उठले, कशेळ्याकडे जाणारी एक गाडी पाहून तिच्यात बसले आणि बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराकडून वाडीवर निरोप धाडला, की पीक असेल तसं कापून घ्या, शिपाई येतील.

वाडीने तो निरोप ऐकला, मास्तरचा म्हणून लगेच ऐकला. सगळीजणं, बायामाणसांसकट, वर जाऊन अर्धीकच्ची नाचणी कापायला लागली. आणि ती वर असतानाच शिपाई आले. पहाटे गारठ्यात मोहोळ गप्प असतं, हेही वडिलांनीच लिहून ठेवलं होतं. रेंजचा नवा साहेब वाचणारा होता. अंक हातात धरून तो शिपायांच्या पुढे चालत होता, असं नंतर लोक सांगत. वडिलांनी निरोप धाडला नसता तर नुसतं पीक गेलं असतं. निरोप गेला म्हणून माणसंही सापडली. कापलेली नाचणी शिपायांनी जप्त केली, उभी तुडवली, राखणीच्या खोपी जाळल्या आणि पुरुषांना बांधून खाली आणलं. त्यांत म्हातारीचे दोन्ही मुलगे होते. एका शिपायाने त्यांना सांगितलं म्हणे, आमच्यावर कशाला चिडता, तुमच्या मास्तरनेच लिवलंय.

खटला उभा राहिला तेव्हा वडील आपण होऊन साक्षीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते खोटं बोलले. लेखातलं सगळं कल्पनेतलं आहे, अशी जागाच नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मॅजिस्ट्रेटने अंकाचं शेवटचं पान उलटून तळचं नाव वाचलं आणि विचारलं, "हे आपणच ना? मग कल्पनेतलं आहे असं त्यात कुठे छापलंय?" कोर्टात हशा झाला. मुलगे तुरुंगात गेले.

ठेकेदार एक दिवस घरी आला, मिठाईचा पुडा घेऊन. "गुरुजी, दिवाळीचा अंक फार उत्तम झाला. साहेबांनी आवर्जून विचारलं, असं आणखी काही आहे का." आईने पुडा घेतला, कारण घरी आलेल्याला नाही कसं म्हणायचं. वडील उठून परसात गेले आणि तो जाईपर्यंत आत आले नाहीत.

पुढच्या साली त्या कड्यामागचं रान तोडायला निघालं. लिलाव झाला आणि ते कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, आमच्याच मालकाला मिळालं. यात त्याने काही डाव केला असं मी म्हणणार नाही, तो प्रत्येक कुपाला बोली लावायचा. लेखाचा आणि या कुपाचा काही संबंध आहे, हे त्याला शेवटपर्यंत सुचलं असेल असं मला वाटत नाही. वाडी फुटली. काही घरं कोळशाच्या भट्ट्यांवर गेली, काही नेरळला गवताच्या गाठी बांधायला, म्हणजे पुन्हा त्याच्याच दारात. म्हातारीचा धाकटा मुलगा सुटून आल्यावर भट्टीवर गेला आणि तिकडेच छातीच्या दुखण्याने संपला. कशेळ्याच्या बाजारात तिचं फडकं दिसेनासं झालं.

वडील मात्र रोज छापखान्यात जात राहिले. करण्यासारखं काही नसे. कोपऱ्यात बसून राहायचे. मजकूर छापून झाल्यावर कंपोझिटरने तो बांधून परत फळीवर ठेवला होता, सवड मिळाली की सोडायचा म्हणून. वडिलांनी त्याला हात लावला नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. आता तो का ठेवायचा, हे मी त्यांना विचारलं नाही.

दुपारचा डबा मी पोचवायचे, तेवढ्यालाही मनाई नव्हती. एक दिवस डबा घेऊन गेले तर दाराशी म्हातारी उभी. ती छापखान्यात कधीच आली नव्हती. ती इतकी वाळली होती की मी तिला आधी ओळखलंच नाही. कंपोझिटर जेवायला गेला होता, मालक नेरळला होते. ती आत आली, यंत्राकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"मास्तर, त्यो कागद मी चुलीत घातला व्हता," ती म्हणाली. "माझ्या हातानं घातला. मंग ह्ये झालं कसं?"

ती भांडायला आली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. तुरुंगात गेलेल्या मुलांनी विचारलं असेल, वाडीवरच्या लोकांनी विचारलं असेल, की तू तर म्हणाली होतीस कागद जाळला. तिच्या माणसांपुढे ती खोटी पडली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

वडील उठले. फळीवरून पुडकं काढलं, तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि कागद उलगडला. तिने उकिडवं बसून त्या शिशाच्या ओळींवर बोट फिरवलं. बोटाला शाई लागली.

"ह्ये काय?"

"हेच ते," वडील म्हणाले. "कागद यावरून निघतो. हवे तितके निघतात."

ती बोटावरच्या शाईकडे बघत राहिली. "मी कागद नेला, तवा बी ह्ये हितं व्हतं?"

"होतं."

"आन मला का नाय सांगितलं?"

मला वाटलं ते काहीतरी सबब सांगतील. पंधरा वाक्यांची सबब त्यांना सहज सुचली असती, मास्तर होते. पण त्यांनी ती सांगितली नाही.

"मावशी, मला ते फार आवडलं होतं. मोडवेना."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आमाला बी ती जागा लय आवडायची रं," ती म्हणाली.

बोटाची शाई तिने लुगड्याला पुसली. मी डब्यातली भाकरी तिच्यापुढे केली, तिने मानेनेच नको म्हटलं आणि बाहेर पडली. स्टेशनाच्या अंगाने ती गेली, नेरळच्या दिशेने. त्यानंतर ती मला दिसली नाही.

वडील पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसले ते उठेनात. मी खाली बसून दोरी सोडली. खिळे मी एकटीनेच खणांत टाकले, एकेक करून, आणि आवाज होऊ न देता टाकले.